लेझर घ्यावा की पिन बदलावी?

रेकॉर्ड आणि रेकॉर्ड प्लेअरबद्दल वाचक विचारतात आणि मी दर महिन्याला जमेल तेवढी उत्तरं देतो. १९७६ साली लक्ष्मीपुरीत मामांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात पहिल्यांदा सोल्डरिंगची कांडी हातात धरली, तेव्हापासून हेच काम करतोय. या वेळी चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण तोच प्रश्न गेल्या वर्षभरात दुकानात येऊनही बऱ्याच जणांनी विचारला.

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. वडिलांनी जमवलेल्या दोनशे चाळीस रेकॉर्ड्स घरात आहेत. साठेक जुन्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या), बाकी एलपी. बरंचसं शास्त्रीय आणि नाट्यसंगीत. प्लेअर वडिलांचाच, पन्नास वर्षांपूर्वीचा, अजून चालतो. मुलगा परदेशी असतो. तो म्हणतो, जपानचा एक लेझरचा रेकॉर्ड प्लेअर आहे, त्यात सुई टेकतच नाही, त्यामुळे रेकॉर्ड झिजत नाही. तो मी घेऊन देतो. किंमत ऐकून मी गप्प झालो. घ्यावा का? आणि निर्णय होईपर्यंत बाबांच्या रेकॉर्ड्स लावणं थांबवावं का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हो, थांबवा. आजपासूनच.

तुमचा प्लेअर मी पाहिलेला नाही, पण त्या काळातल्या बहुतेक घरगुती प्लेअरना सिरॅमिकचं हेड, म्हणजे पिन (सुई) धरून तिच्या थरथरीची वीज करणारा भाग, असायचं आणि ते रेकॉर्डवर पाच-सहा ग्रॅम वजन टाकायचं. आजचं साधं मॅग्नेटिक हेड दीड ते दोन ग्रॅमवर चालतं. पाच ग्रॅम म्हणजे काही फार नाही, असं वाटेल. पण एलपीच्या गोल पिनेच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन असते, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग, आणि आवाज कोरलेल्या खाचेच्या भिंतीला ती जिथे टेकते तो ठिपका त्याहून कितीतरी लहान. एवढ्याशा जागेवर वजन आलं की दाब चौरस सेंटिमीटरला टनांत मोजावा लागतो. पिन ताजी असेल तर एलपी हे सोसते. पिन जुनी असेल तर तिच्या दोन्ही अंगांना सपाट पैलू पडलेले असतात आणि त्या पैलूंच्या कडांना धार आलेली असते. अशी पिन रेकॉर्ड वाजवता वाजवता तासत जाते. वडिलांनी शेवटची पिन कधी बदलली हे तुम्हाला आठवत नसेल, तर ती बदलायची वेळ होऊन गेलेली आहे असंच धरा. हिऱ्याची पिन पाचशे ते हजार तास टिकते, नीलमण्याची त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

आता लेझर. ही कल्पना आजची नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डला रॉबर्ट रीस नावाच्या विद्यार्थ्याने १९८१ साली यावर प्रबंध लिहिला आणि १९८३ मध्ये रॉबर्ट स्टॉडर्डला सोबत घेऊन फिनियल नावाची कंपनी काढली. यंत्र जमत आलं, पण तोवर सीडी बाजारात आली होती आणि जो तो आपल्या रेकॉर्ड्स विकायला काढत होता. कंपनी गुंडाळली, पेटंटं १९८९ मध्ये विकली गेली, हात बदलत जपानला पोचली आणि तिथल्या ईएलपी कंपनीने १९९७ मध्ये यंत्र खरोखर विक्रीला आणलं. किंमत होती साडेवीस हजार डॉलर. त्या वेळच्या दराने सात लाख रुपयांच्या वर. पुढे २००३ मध्ये ती साडेदहा हजार डॉलरवर आली.

पुष्कळांना वाटतं की लेझर म्हणजे सीडीसारखं काहीतरी, आकड्यांचं. तसं नाही. सीडीचा लेझर खळगा आहे की सपाटी एवढंच बघतो, त्यातून शून्य आणि एक होतात. या यंत्रात आकडे नाहीतच. लहानपणी सकाळच्या उन्हात खिडकीशी पाण्याने भरलेली परात ठेवली, की छतावर कवडसा पडायचा. परातीला बोट लागलं की वर कवडसा थरथरायचा. पाणी जेवढं हललं, कवडसा तेवढाच आणि त्याच लयीत हलायचा. हे यंत्र नेमकं तेच करतं. खाचेच्या भिंतीवर बारीक किरण पडतो, भिंत आवाजाप्रमाणे वळणं घेत असते, त्यामुळे परतणारा किरण इकडेतिकडे सरकतो आणि समोरचा सेन्सर त्या सरकण्याची वीज करतो. असे एकूण पाच किरण असतात. दोन डाव्या-उजव्या भिंतीवरचा आवाज वाचतात, दोन खाचेची वाट सोडू देत नाहीत, आणि पाचवा रेकॉर्डचा पृष्ठभाग किती वरखाली होतोय ते बघून सगळ्यांची उंची राखतो.

यात एक फार सुंदर गोष्ट आहे. हे किरण खाचेच्या भिंतीचा वरच्या कडेजवळचा भाग वाचतात, आणि पिना टेकतात त्या त्याच्या खाली. म्हणजे तुमच्या वडिलांच्या पिनेने जो पट्टा झिजवला, त्याच्या वर एक न वापरलेला पट्टा शिल्लक असतो. आवाज तिथेही तोच कोरलेला आहे.

मी हे यंत्र एकदाच ऐकलंय. २०१२ साली पुण्यात एका संग्राहकांकडे. कोल्हापुरातून दोन रेकॉर्ड्स टॉवेलात गुंडाळून, मांडीवर ठेवून एसटीने नेल्या होत्या. एक एलपी, ख्यालाची, जड पिनेने इतकी झिजलेली की प्रत्येक ‘स’ थुंकी उडाल्यासारखा यायचा. दुसरी ७८ची, काठापासून दोन इंच तडा गेलेली. ती मी कधी वाजवलीच नव्हती, कारण तड्याच्या उंचवट्यावर पिन आपटली तर पिनही जाते आणि तडाही पुढे सरकतो.

एलपी आधी लावली. सीडीसारखा ट्रे बाहेर आला, रेकॉर्ड आत गेली, आणि जे ऐकू आलं त्याने मी हादरलो. कढईत लाह्या फुटाव्यात तसा आवाज, आणि त्याच्या मागे कुठेतरी गाणं. घरमालक म्हणाले, ‘धुतली नव्हती ना?’ मी रेकॉर्ड मखमली ब्रशने पुसून नेली होती, तेवढं पुरतं असा माझा समज. पिनेला ते पुरतंही, कारण पिन स्वतःच झाडू असते, वाटेतली धूळ बाजूला सारत जाते. किरण काही सारू शकत नाही. त्याच्या लेखी धुळीचा कण म्हणजे खाचेतला डोंगर, आणि तो डोंगर तो इमानेइतबारे वाजवतो. त्यांनी रेकॉर्ड धुण्याच्या यंत्रावर ती धुतली, वाळवली, पुन्हा लावली. आता ‘स’ स्वच्छ आला. पस्तीस वर्षं मी तीच रेकॉर्ड ऐकत होतो आणि गाणाऱ्या बाईंनी बोल किती नाजूक उच्चारलेत, हे मला त्या दिवशी कळलं. डोळ्यांत पाणी आलं, हे सांगायला संकोच वाटत नाही.

तडकलेली ७८चीही शेवटपर्यंत वाजली. तड्याचा टक् टक् येत होता, सेकंदाला एकाहून जास्त वेळा, पण गाणं तुटलं नाही.

मग त्यांनी आपल्या पिनवाल्या प्लेअरवर एक उत्तम राखलेली एलपी लावली आणि तीच नंतर लेझरवर. मी डोळे मिटून दोन्ही ऐकल्या. बायाँचा घुमारा मला पिनेवर जास्त भरीव वाटला. लेझर सरस ठरला तो रेकॉर्डची बाजू संपत येते तिथे. हे जरा उलगडून सांगतो, कारण आपल्या संगीताशी त्याचा थेट संबंध आहे. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे फिरते. बाहेरच्या काठाला पिनेखालून सेकंदाला सुमारे पन्नास सेंटिमीटर खाच सरकते, लेबलाजवळ जेमतेम एकवीस. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीने कोरलेला असतो. शिवाय टोनआर्म, म्हणजे हेड धरणारा दांडा, एका खुंटीवर फिरतो, त्यामुळे पिनेचा कोन सगळीकडे अचूक राहत नाही, दोनेक अंशांनी इकडेतिकडे होतो. रेकॉर्ड कोरणारं हत्यार मात्र सरळ रेषेत आत सरकलेलं असतं, आणि लेझरही तसाच सरळ सरकतो. आता ख्यालाची एलपी डोळ्यांसमोर आणा. विलंबित बाहेर, प्रशस्त जागेत. द्रुत, ताना, तराणा सगळं आत, लेबलापाशी. गायकाचा गळा जिथे सर्वांत वेगाने फिरतो, तिथेच खाच सर्वांत अरुंद जागेत अडकलेली. म्हणून तुमच्या जुन्या प्लेअरवर ताना फाटतात.

एवढं कौतुक करूनही मी तुम्हाला सांगेन, घेऊ नका. प्रत्येक रेकॉर्ड दर वेळी धुवावी लागेल. दोनशे चाळीस रेकॉर्ड्सच्या घरात ते महिनाभर होतं, मग होत नाही, आणि यंत्र झाकून ठेवलं जातं. रंगीत किंवा पारदर्शक रेकॉर्ड त्यावर वाजत नाही, किरण परतवायला काळाच पृष्ठभाग लागतो. आणि बिघडलं तर? चाळीस-पन्नास वर्षं मी दुरुस्त्या करतोय. पट्टा, मोटर, हेड, वायरिंग, काहीही आणा. पण पाच किरणांची जुळणी मी करू शकणार नाही आणि या जिल्ह्यात दुसरं कोणी करील असं मला वाटत नाही.

हे यंत्र शोभतं ते जिथे एकच प्रत उरली आहे आणि तिच्यावर पिन टेकवणं हा गुन्हा ठरेल, अशा संग्रहालयात, विद्यापीठात. प्रकाशाने ऐकण्याची त्यापुढची वाटही निघाली आहे. बर्कलेच्या प्रयोगशाळेत कार्ल हेबर आणि विटाली फादेयेव यांनी खाचेची सूक्ष्म छायाचित्रं काढून संगणकाकडून आवाज काढायची रीत बसवली, आणि २००८ मध्ये १८६० सालची, काजळी धरलेल्या कागदावर उमटवलेली एक फ्रेंच गाण्याची ओळ जगाने ऐकली. तुमच्या साठ ७८च्या रेकॉर्ड्सपैकी एखादी खरोखर दुर्मिळ निघाली, तर ती तेवढी अशा ठिकाणी नेऊन उतरवून घ्या. सगळा संसार तिकडे हलवायची गरज नाही.

मुलाला सांगा, एक चांगला पट्ट्याने फिरणारा किंवा थेट मोटरवर फिरणारा (डायरेक्ट ड्राइव्हचा) प्लेअर घेऊन दे, ज्याचा टोनआर्म तोलता येतो आणि हेड बदलता येतं. त्याला साधी गोल पिन नको, लंबगोल किंवा त्याहून बारीक घडवलेली हिऱ्याची पिन लावा. ती खाचेच्या भिंतीला वेगळ्या जागी टेकते, त्यामुळे लेझर शोधतो तसला न झिजलेला भाग थोडाफार तिलाही सापडतो, आणि आतल्या ताना बऱ्याच सुटतात. ७८साठी वेगळी पिन ठेवा, त्याबद्दल खाली लिहिलंच आहे. वजनाचा छोटा डिजिटल काटा मिळतो, तो घ्याच. अंदाजाने वजन लावू नका, आणि कमी वजन म्हणजे रेकॉर्डची काळजी असंही समजू नका. फार हलकी पिन खाचेत नाचते आणि भिंतींवर आपटते. त्याने जास्त नुकसान होतं.

पिन जुनी झाली, काळ लेझरचा आहे, असं मुलगा म्हणाला, तर त्याला एक गोष्ट सांगा. शाहू महाराजांच्या दरबारचे गायक अल्लादिया खाँसाहेब, त्यांच्या तालमीत तयार झालेल्या केसरबाई केरकर. त्यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याच्या मुलाम्याच्या तांब्याच्या तबकडीवर अवकाशात गेली. मिनिटाला १६⅔ फेऱ्यांनी वाजवायची ती तबकडी. ती कशी वाजवायची याची चित्रं वर कोरली आणि सोबत हेड आणि पिन ठेवून दिली.

प्रश्न : २०१९च्या महापुरात आमच्या घरात पाच फूट पाणी होतं. आजोबांच्या सुमारे तीस रेकॉर्ड्स चिखलातून काढल्या, नुसत्या पुसल्या आणि पेटीत ठेवल्या. फेकवत नाहीत. वाजवाव्यात तर भीती वाटते. लेझरचा प्लेअर यांच्यासाठी उपयोगी पडेल का?
— एक वाचक, कुरुंदवाड

उत्तर : फेकू नका, आणि अजून वाजवूही नका. लेझर इथे काहीच कामाचा नाही. वर सांगितलं तसं, त्याला धूळ चालत नाही. कृष्णा-पंचगंगेचा गाळ तर तो शब्दशः वाजवून दाखवील.

आधी दोन ढीग करा. जाड, जड, ठिसूळ त्या चपड्याच्या, म्हणजे ७८च्या. लवचीक त्या व्हिनाइलच्या. हा भेद चुकला तर रेकॉर्ड हातची जाईल, म्हणून सांगतो : चपड्याच्या रेकॉर्डला स्पिरिट कधीही लावू नका. तुमच्या गावच्या सुताराला विचारा, तो फर्निचरला पॉलिश मारतो ते चपडा स्पिरिटमध्ये विरघळवूनच. रेकॉर्डचंही तेच होईल. मी स्वतः १९७९ मध्ये, शिकाऊ असताना, एका गिऱ्हाइकाची रेकॉर्ड स्पिरिटने पुसली होती. फडक्यावर काळा रंग आला तेव्हा मला वाटलं मळ निघाला. तो मळ नव्हता. मामा काही बोलले नाहीत, गिऱ्हाइकाच्या घरी मला सोबत घेऊन गेले आणि माफी मागायला लावली.

पहिलं काम, न घासता धुवा. गाळात वाळू असते, सुक्यावर किंवा पहिल्याच पाण्यात ब्रश फिरवला तर तीच वाळू खाचा खरवडते. लेबलावर प्लॅस्टिकचं झाकण दाबून धरा आणि कोमट नव्हे, साध्या पाण्याची बारीक धार सोडा. गाळ सुटू लागला की बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर एका भांड्यात घ्या, त्यात बिनवासाच्या भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब टाका, आणि मऊ केसांचा ब्रश खाचेच्या दिशेने, गोल फिरवा. आडवा कधीच नाही. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने दोनदा विसळा, कारण साबण राहिला तर तोही खाचेत बसतो. चपड्याच्या रेकॉर्ड्स भिजत ठेवू नका, पटकन धुवा आणि पटकन टिपा. सावलीत, उभ्या वाळवा. उन्हात ठेवलेली एलपी अर्ध्या तासात पापडासारखी होते.

जुनी पाकिटं ओली-वाळलेली असतील, त्यांत बुरशी असते. त्यांवरची माहिती उतरवून घ्या, फोटो काढा, पण रेकॉर्ड्स त्यांत परत घालू नका. नवी कागदी पाकिटं करा आणि उभ्या ठेवा, जमिनीपासून वर. किती वर, ते तुमच्याकडच्या पुराच्या खुणेवरून तुम्हीच ठरवा.

तीसपैकी सगळ्या वाचतील असं नाही. पण धुतल्यावर चार-पाच घेऊन या, दुकानात एकत्र ऐकू.

प्रश्न : काका, मी विद्यापीठाच्या हॉस्टेलवर राहते. पहिला टर्नटेबल घेतला, पण स्पीकरच्या ऑक्समध्ये लावल्यावर आवाज एकदम बारीक आणि पत्र्यासारखा येतो. दुकानदार म्हणतो, रेकॉर्डचा आवाज असाच असतो. खरं का?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : नाही गं, अजिबात खरं नाही. तुझ्या टर्नटेबलला फोनो प्रीअँप, म्हणजे हेडमधली क्षीण वीज वाढवणारी छोटी डबी, लागतो. मॅग्नेटिक हेडमधून चार-पाच मिलिव्होल्ट एवढीच वीज निघते, ऑक्सला ती पुरत नाही. आणि दुसरं, रेकॉर्ड कोरताना खर्ज मुद्दाम कमी करतात, नाहीतर खाच शेजारच्या खाचेत घुसेल. तार स्वर मुद्दाम वाढवतात, म्हणजे वाजवताना ते कमी केले की त्यासोबत खरखरही कमी होते. १९५४पासून याचं एकच ठरलेलं माप आहे. फोनो प्रीअँप ते माप उलटं लावून आवाज मूळ जागी आणतो. तुझ्या टर्नटेबलच्या मागे ‘फोनो’ आणि ‘लाइन’ असं बटण आहे का ते आधी बघ. असेल तर ‘लाइन’वर कर, खर्च वाचला. नसेल तर छोटा वेगळा प्रीअँप घे, आणि टर्नटेबलची अर्थिंगची तार त्याला जोडायला विसरू नको, नाहीतर घुं घुं येईल.

प्रश्न : आजोळचा चावीचा ग्रामोफोन मिळाला आहे, सोबत पिनांची एक डबी. एका पिनेवर किती रेकॉर्ड्स वाजवाव्यात? आणि त्याच रेकॉर्ड्स आधुनिक प्लेअरवर लावल्या तर चालतील का?
— एक वाचक, कागल

उत्तर : एका पिनेवर एक बाजू. रेकॉर्ड नाही, बाजू. चपड्याच्या रेकॉर्डमध्ये दगडाची पूड मिसळलेली असते आणि ती मुद्दाम मिसळलेली असते : पोलादी पिन पहिल्या काही फेऱ्यांत त्या पुडीवर घासून खाचेच्या आकाराची व्हावी म्हणून. बाजू संपेपर्यंत ती बोथट झालेली असते. उलटी बाजू लावताना नवी पिन.

आधुनिक प्लेअरवर चालतील, पण एलपीच्या पिनेने नाही. ७८ची खाच रुंद असते; एलपीची पिन तिच्या तळाशी पडून मळ उकरत राहते आणि तीच खरखर तुम्हाला ऐकू येते. ७८साठी तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे एलपीच्या पिनेहून जवळजवळ चौपट जाड टोकाची पिन मागा. वेगाचंही बघा : फार जुन्या रेकॉर्ड्स नेमक्या ७८वर कोरलेल्या नसतात, तेव्हा वेग बारीक कमी-जास्त करता येणारा प्लेअर असला तर पेटीवर सूर धरून जुळवता येतो.

आणि ती डबी जपा, पण वापरलेली पिन चुकूनही परत तिच्यात टाकू नका. वापरलेल्या पिनांसाठी दुसरी डबी करा, वर मोठ्या अक्षरांत लिहा. नवी आणि जुनी पिन नुसत्या डोळ्यांना सारखीच दिसते.